काचेवरची टिचकी

मासा भित्रा, असे आपण सहज म्हणून जातो. काचेच्या पेटीजवळ कोणी गेले की आतले मासे झरकन मागे सरतात, एखादा कोपऱ्यात तोंड खुपसून बसतो, एखादा घाबरून काचेवर आपटतो. आणि पाहणारा म्हणतो, ‘फार भित्रे आहेत बुवा!’ झाला न्यायनिवाडा. भिणाऱ्याचा स्वभाव आपण तत्काळ ठरवून टाकतो. भिवविणाऱ्याच्या वर्तनाचा विचारही आपल्या मनाला शिवत नाही. माझे म्हणणे असे की, पेटीतल्या माशाचे भय हा पुष्कळ अंशी त्याचा स्वभाव नसून त्याला आलेला आपला अनुभव असतो. तो अनुभव बदलला की भय ओसरते. आणि तो बदलण्याचे काम माशाचे नाही, आपले आहे.

मराठी आणि इतिहास घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याने माशांवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा विभाग नाही. त्यामुळे कोणाचा बांध कोरल्याचा आरोप माझ्यावर येऊ नये. शिवाय या विषयाशी माझा संबंध दुहेरी आहे. आमचे घर भोयाचे. काटेपूर्णा धरणाच्या काठी आमचे गाव असून वडील मासेमारी करतात. दुसरे असे की, खोलीभाडे व मेसचा खर्च भागविण्यासाठी मी गेल्या दीड वर्षापासून अमरावतीतल्या एका रंगीत माशांच्या दुकानात संध्याकाळी सहा ते नऊ काम करतो. दवाखाने, हॉटेले आणि बंगले येथील पेट्या धुण्याचे काम बहुधा माझ्याकडेच असते. एका हाताने मासे धरणाऱ्याचा मुलगा दुसऱ्या हाताने मासे पोसतो, अशी ही गंमत आहे. सुटीत घरी गेलो की गावातले लोक विचारतात, ‘काय लेका, कालेजात मासोया पोसाले गेलता का?’ मी हसतो. खरे म्हणजे या नोकरीत मला जे कळले त्यातले निम्मे माझ्या वडिलांना आधीच ठाऊक होते.

गळाने मासे धरायचे असले तर ते पहिल्याच दिवशी गळ टाकत नाहीत. धरणाच्या काठची एक जागा निवडायची, रोज त्याच वेळी तेथे जायचे, सरकीची ढेप किंवा कणकेच्या गोळ्या टाकायच्या आणि पाण्यावर सावली पडणार नाही असे मागे बसायचे. ‘पह्यल्या रोजी मासोई नुसती हुंगते अन् जाते,’ ते सांगतात, ‘पाचव्या रोजी आपल्या अगुदर हजर राह्यते.’ मी दुकानात लागल्यावर एकदा त्यांना म्हणालो होतो, की मासे फार भित्रे असतात. त्यावर त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, ‘मासोई भेत नाई. तिले आपल्या हाताची ओयख असते.’ दुसरी इयत्तासुद्धा पूर्ण न केलेल्या माणसाचे हे वाक्य आहे. मी पुढे जे लिहिणार आहे ते बहुतेक याच वाक्याचे भाष्य होय.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. हा डोह वरदायिनी देवीचा म्हणून गावकऱ्यांनी तेथील मासे धरणे वर्ज्य मानले आहे. या डोहात महसीर जातीचे मोठमोठे मासे आहेत आणि खायला टाकले की ते माणसापासून दूर पळण्याऐवजी काठाशी गर्दी करतात. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे महादेवाच्या देवळाजवळ हेच दृश्य दिसते. कर्नाटकातील शृंगेरीला तुंगेच्या घाटावर तर यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या माशांना खाऊ घालीत आले आहेत. आता हा महसीर म्हणजे काही गरीब गाय नव्हे. इतर नद्यांत तो सावध आणि झुंजार म्हणूनच गळवाल्यांत प्रसिद्ध आहे. त्याला धरण्यासाठी हौशी लोक दिवस दिवस काठावर बसतात. मासा तोच, पाणी तेच, पण एका डोहात तो माणसाला पाहून जवळ येतो आणि दुसऱ्यात नाहीसा होतो. फरक कोठे पडला? माशात नव्हे. काठावरच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या हात आवरला, तेथे पडला.

‘पण माशाला एवढे कळते काय?’ असा प्रश्न येईल. गोल्डफिशची आठवण काही सेकंदांचीच असते, असे आपण मोठ्या आत्मविश्वासाने एकमेकांना सांगतो. हे साफ खोटे आहे. ऑस्ट्रेलियातील कुलम ब्राउन या संशोधकाने २००१ साली इंद्रधनुषी माशांवरचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. पेटीतून जाळे ओढायचे आणि जाळ्याच्या मध्यभागी एकच भोक ठेवायचे. पाच खेपांत मासे त्या भोकातून निसटायला शिकले. पुढे अकरा महिन्यांनी तेच जाळे पुन्हा ओढले, तेव्हाही त्यांना ती वाट आठवत होती. २०१६ साली इंग्लंड व ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की, तोंडातून पाण्याची चिळकांडी मारून किडे पाडणारा तिरंदाज मासा माणसांचे चेहरेसुद्धा वेगळे ओळखू शकतो. शिकविलेल्या चेहऱ्यावर तो बरोबर चिळकांडी मारतो. तेव्हा ज्याने काल काचेवर बुक्की मारली, त्याला आज मासा ‘विसरला असेल’ या भरवशावर राहू नये. अर्थात, हीच गोष्ट उलट दिशेनेही खरी आहे. भीती ज्या डोक्यात राहते, त्याच डोक्यात निर्धास्तपणाही राहू शकतो.

आता टिचकीविषयी. काचेवर बोटाने टकटक केले तर आपल्याला तो नाजूक आवाज वाटतो. परंतु हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १,४८० मीटर. शिवाय माशाच्या अंगावर दोन्ही कुशींना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. ती शोभेची रेघ नव्हे, ते पाण्यातला कंप टिपणारे इंद्रिय आहे. रोहू, गोल्डफिश, टेट्रा, मांगूर या मंडळींच्या शरीरात तर पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी असते. पिशवी थरथरली की ते थेट कानात जाते. म्हणजे आपली टिचकी माशाला ऐकू येते एवढेच नव्हे, ती त्याच्या सर्वांगातून जाते. आपण टिनाच्या खोलीत झोपलेलो असावे आणि कोणी बाहेरून पत्र्यावर दगड घालावा, तसे ते असते. त्यात अलीकडे मोबाइलच्या दिव्याची भर पडली आहे. या माशांना पापण्या नसतात. डोळे मिटून घ्यायची सोय निसर्गाने त्यांना दिलेली नाही. अंधाऱ्या पेटीवर एकदम प्रकाश टाकून छायाचित्र काढणाऱ्यांनी एवढी गोष्ट ध्यानात घ्यावी.

ग्राहकांपैकी पुष्कळांना वाटते की, मासे माणसाळावेत म्हणून त्यांच्यापुढे सतत उभे राहावे, काचेवर बोटे फिरवावीत, पाण्यात हात घालावा. ‘सवय होईल हळूहळू.’ होते; पण ती निराळी सवय. मासा रंग टाकतो, पंख अंगाशी आवळतो, तळाला जाऊन निपचित बसतो आणि आपण म्हणतो, बघा, शांत झाला! हा शांतपणा नव्हे. कल्ल्यांची उघडझाप मोजून पाहा, ती भराभर चाललेली असते. घाबरलेल्या माशाच्या रक्तात जे द्रव्य वाढते तेच माणसाच्याही रक्तात वाढते, त्याला कॉर्टिसॉल म्हणतात. आणि ते फार दिवस वाढलेले राहिले तर अंगातली प्रतिकारशक्ती खालावते. दुकानात नवा मासा नेल्यावर आठ दिवसांनी लोक तक्रार घेऊन येतात, ‘अंगावर पांढरे ठिपके आले हो, तुम्ही रोगट मासा दिला.’ ठिपक्यांचा जंतू असतो हे खरे. पण त्याला दार बहुधा भीतीने उघडून दिलेले असते.

येथे एक हकीगत सांगतो. शहरातील एका दवाखान्यात रुग्णांच्या बाकासमोर चार फुटी पेटी आहे. तीत सहा एंजल मासे होते. एंजल म्हणजे दक्षिण अमेरिकेतला, ताटासारखा चपटा, लांब पंखांचा देखणा मासा. मूळ प्रदेशात तो पाण्यात बुडालेल्या झाडांच्या मुळ्यांतून आणि पाणवनस्पतींतून वावरतो. या पेटीतही मागच्या बाजूला झाडे व लाकूड होते आणि मासे बराच वेळ त्यांच्या आडोशाला असत. तेथून निरोप आला, ‘पैसे देऊन आणलेले मासे दिसत नाहीत. तो सगळा कचरा काढून टाका.’ मालकाने मला पाठविले. मी झाडे काढली, लाकूड काढले. पेटी परीक्षेच्या हॉलसारखी स्वच्छ झाली. तीन आठवड्यांत सहाचे दोन राहिले. त्यातला एक रात्री उडी मारून फरशीवर मरून पडलेला सापडला होता. मासे दिसावेत म्हणून आडोसा काढला, आणि आता दाखवायला मासेच उरले नाहीत.

या ठिकाणी सामान्य बुद्धी आपल्याला फसवते. लपायला जागा ठेवली तर मासा कायम लपूनच राहील, असे वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. पळून जायला जागा आहे याची ज्याला खात्री आहे तोच बाहेर येतो. ज्याला ती नाही तो पेटीच्या मध्यभागी असूनही लपलेलाच असतो. कार्ल फॉन फ्रिश हे नाव आपल्यापैकी काहींनी मधमाश्यांच्या नाचाच्या संदर्भात ऐकले असेल; त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या गृहस्थांनी १९२३ साली एका आंधळ्या मांगुरवर्गीय माशाची गोष्ट प्रसिद्ध केली. मासा मातीच्या नळीत राहत असे. फ्रिश आधी शीळ घालीत आणि मग खाद्य देत. काही दिवसांनी खाद्याचा पत्ता नसतानाही, नुसती शीळ ऐकून मासा नळीतून बाहेर येऊ लागला. माशांना ऐकू येते, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी हा प्रयोग केला होता. मला त्यातली नळी अधिक महत्त्वाची वाटते. शीळ घालणाऱ्याने नळी काढून घेतली नव्हती.

दुकानात आम्ही जे करतो ते यापेक्षा वेगळे नाही. नवा मासा आणला की पिशवी न फोडता वीस मिनिटे पेटीतल्या पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे दोन्ही पाणी सारखे कोमट होते. आपल्याकडे येणारे रंगीत मासे पुष्कळदा कोलकाता वा चेन्नईकडचे असतात. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, अंधारात, गाडीच्या धडधडाटात शेकडो मैल आलेल्या जिवाला पहिल्या दिवशी दिवा लावून पाहुण्यांसमोर उभे करू नये. त्या दिवशी दिवा बंद. पेटीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना काळा कागद. आत झाडे, आणि एक फुटके गाडगे धार घासून आडवे ठेवायचे. याच्याइतके स्वस्त आणि माशांना आवडणारे घर दुकानात शोधून सापडणार नाही. पेटी जमिनीलगत ठेवू नये, छातीच्या उंचीवर असावी. कारण माशाला मरण वरून येते: बगळा वरून येतो, खंड्या वरून येतो. उंच माणूस वाकून पाण्यावर हात आणतो तेव्हा माशाच्या लेखी तो बगळाच. खाद्य रोज एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात आणि शक्यतो एकाच माणसाने द्यावे. पहिले काही दिवस खाद्य टाकून मागे व्हावे, नंतर रोज एक पाऊल पुढे उभे राहावे. गप्पी दोन-तीन दिवसांत ओळख धरते. एंजलला कधी कधी महिना लागतो. घाई करून चालत नाही, आणि घाई करणाऱ्याला कितीही समजावले तरी तो काचेवर टिचकी मारतोच.

सोबतीची गोष्ट तर फारच मजेची आहे. बुजऱ्या माशांच्या पेटीत चार-सहा पट्टेवाले झेब्रा मासे सोडावेत. हा मासा आपल्याच देशातला; हॅमिल्टन या इंग्रजी अमदानीतल्या डॉक्टराने गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात १८२२ साली त्याचे पहिले वर्णन केले आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांतून तो पाळला जातो. मूर्ती दोन इंचांचीही नाही, पण अंगात भय कमी. तो वरच्या थरात बिनधास्त बागडत असला की खालचे मोठे मासे त्याच्याकडे पाहून बाहेर येतात. वर धोका असता तर हा असा फिरला नसता, एवढा हिशेब त्यांना करता येतो. उलट भयही असेच पसरते. फ्रिश यांनीच १९३८ मध्ये दाखविले की, काही माशांची कातडी सोलवटली तर तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरते आणि त्याचा वास लागताच सगळा थवा भिऊन पांगतो. रोहूच्या कुळातले मासे यातलेच. म्हणून जाळीने ओरबाडलेला एक मासा परत पेटीत टाकला, तर आपण भीतीच त्या पाण्यात कालवतो.

हे लिहिताना मला राहून राहून वर्ग आठवतो. ते येथे सांगितले तर गुरुजनांनी राग मानू नये. आमच्यापैकी पुष्कळजण घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेले. पहिल्या वर्षी आम्ही मागच्या बाकांवर बसतो. प्रथम वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात एका तासाला मी ‘काहून’ असा शब्द वापरला आणि वर्गभर हशा पिकला. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी तोंड उघडले नाही. माझ्या हजेरीपुढे कोणी ‘बुजरा’ असे लिहिले असेल तर ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही, अपुरे आहे असे म्हणेन. इंग्रजीच्या तासाला अचानक नाव पुकारून उभे करणे आणि ‘बोला, गप्प का?’ असे चारचौघांत विचारणे, हे विद्यार्थ्याचे भय घालविण्यासाठी केले जाते हे मला मान्य आहे. हेतू चांगलाच असतो. काचेवर टिचकी मारणाऱ्याचाही हेतू वाईट नसतो, त्याला मासा बाहेर यायला हवा असतो. आमच्यातला जो पहिला उठून बोलला तो काही फार हुशार नव्हता. तो नुसता निर्धास्त होता आणि त्याच्या मागून आम्ही चौघे बोललो. असो, लेख माशांवर आहे.

माशांचा विश्वास संपादन करणे ही गोष्ट नेहमीच पुण्याची असते, असे मात्र मला वाटत नाही. माझे वडील पाच दिवस ढेप टाकतात ती सहाव्या दिवशीच्या गळासाठी. त्याबद्दल मला लाज वाटत नाही. त्या गळावर माझी फी निघते. पण माणसाळविण्याची रीत आणि पकडण्याची रीत पाचव्या दिवसापर्यंत अगदी एकच असते, हे कोणीही विसरू नये. आमच्या दुकानातही हाताशी येणारा ऑस्कर लवकर विकला जातो आणि त्याचे पैसेही चढे येतात. त्याला नेणारा माणूस कसा आहे हे त्या माशाला कळायला मार्ग नाही. म्हणून माझे असे मत झाले आहे की, ज्याला मासा आयुष्यभर सांभाळायचा नाही त्याने त्याची भीती घालविण्याच्या भानगडीत पडू नये. वडाळीच्या तलावात रविवारी मुरमुरे टाकून माशांना काठाशी बोलावणारी मुले पाहिली की मला बरे वाटते आणि धास्तीही वाटते. कारण सोमवारी त्याच काठावर गळ घेऊन कोणी बसले, तर त्या माशांनी काय समजावे?

काही वेळा भय नसते, त्रास असतो, आणि दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. दर्यापूर, अकोट या बाजूचे ग्राहक सांगतात की मासे आणल्या दिवसापासून सैरभैर पळतात. चौकशी केली की कळते, पेटीत बोअरचे पाणी भरले आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले ते पाणी माणसाला पिववत नाही. ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातल्या निऑन टेट्राला ते कसे सोसावे? तेथे मॉली ठेवावी, तिला खारट पाणी मानवते. अमरावतीला अप्पर वर्ध्याचे आणि अकोल्याला काटेपूर्णेचे पाणी नळाने येते, पण त्यात क्लोरीन असते. ते बादलीत एक दिवस उघडे ठेवून मग पेटीत घालावे. उन्हाळा ही तर आपल्याकडची खरी परीक्षा. अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात. त्यात वीज गेली की हवेचा पंप बंद. अशा वेळी ‘मासे बघा कसे आपल्याला भेटायला वर आले’ असे म्हणणारे यजमान मी पाहिले आहेत. आणि कूलर! पेटीला लागून कूलर ठेवला की त्याची घरघर दिवसरात्र पाण्यात उतरते. काही मासे, उदाहरणार्थ मांगूरवर्गीय, मुळातच रात्री हिंडणारे. ते दिवसा गाडग्यात बसले तर त्यांना भित्रे म्हणू नये, त्यांची ती झोपेची वेळ आहे.

वास्तुदोषावर उपाय म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश मागणारे लोक दर आठवड्याला येतात. त्यांना ते काचेच्या गोल भांड्यात हवे असतात, कारण भांडे टीपॉयवर मावते. गोल्डफिश हा आपल्या रोहूच्या कुळातला, मोकळ्या तळ्यात फूटभर वाढणारा मासा. नऊ जण त्या भांड्यात! भांडे चारी बाजूंनी उघडे, पाठ टेकायला भिंत नाही, घाण करायला जागा नाही, आणि वर टीव्हीचा आवाज. लक्ष्मी कोणत्या दाराने येते मला ठाऊक नाही. पण नऊ जीव त्या घरातून एकामागून एक बाहेर जातात हे मी पाहिले आहे. मालक म्हणतात, ‘गिऱ्हाइकाशी वाद घालू नको.’ मी वाद घालीत नाही. एवढेच विचारतो की भांड्याऐवजी दोन फुटी पेटी घ्याल का? दहात एखादा घेतो.

उलट बाजूने एक आक्षेप येतो, तोही सांगितला पाहिजे. एक मित्र म्हणाला, ‘तुझे मासे काचेशी येतात ते दाण्यासाठी. यात प्रेम कुठे आले?’ त्याचे म्हणणे मला मान्य आहे. माशाने माझ्यावर प्रेम करावे अशी माझी अपेक्षा नाही. मी समोरून गेलो असता त्याने खाणे थांबवू नये, त्याचा रंग उतरू नये, इतकेच मला पुरते.

आता आपल्या महाविद्यालयातील पेटीसंबंधी. वाचनालयाच्या जिन्याखाली, सूचनाफलकाला लागून माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेली तीन फुटी पेटी आहे. वेळापत्रक किंवा निकाल लागला की तेथे दोनशे मुले लोटतात. पाठीमागून ढकलाढकली होते आणि कोपरे काचेला लागतात. वर जिन्यावरून दिवसभर पावले धडधडत असतात. आतले आठ बार्ब मासे मागच्या डाव्या कोपऱ्यात एकावर एक बसलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. ‘मासे काही करीतच नाहीत, पेटी काढून तेथे झेरॉक्सचे यंत्र ठेवा’ अशी सूचना आल्याचे ऐकतो. पेटी काढायची की ठेवायची हा अधिकार वडीलधाऱ्यांचा. पण काढण्यापूर्वी एक महिना ती जागा तरी बदलून पाहावी अशी माझी विनंती आहे. वाचनकक्षात उत्तरेच्या भिंतीशी जुने मजबूत टेबल रिकामे आहे. तेथे ऊन येत नाही, कूलर दूर आहे आणि बोलायला बंदी असल्यामुळे तेवढी शांतता आयतीच मिळेल. तीन बाजूंना काळा कागद लावू. झेब्रा मासे सहा लागतील. दुकानातून ते खरेदीच्या भावात मिळतील, मी विचारून ठेवले आहे. सकाळी साडेदहाला खाद्य घालायचे काम ग्रंथालयातले शिपाईकाका करायला तयार आहेत, फक्त त्यांच्या हाताशिवाय दुसऱ्या कोणाचा हात महिनाभर पेटीवर येऊ नये. दिवाळीच्या सुटीत मी अमरावतीतच असेन, तेव्हा तेवढे दिवस माझ्याकडे. गाडगे गावाहून आणतो. पेटीतले पाऊण पाणी बादल्यांत काढून ती हलवावी लागेल, त्याला चार जण हवेत. रविवारी दुकानाला सुटी असते.